ट्रॅव्हल फोटोग्राफीसाठी बिऱ्हाड कुठे: मुरबाड-शहापूर की ठाणे-नवी मुंबई?

ट्रॅव्हल फोटोग्राफीवर पोट भरायचं तर गाव सोडून ठाण्यात यावंच लागतं, असं मुरबाड-शहापूरकडच्या बऱ्याच मुलामुलींना वाटतं. आमच्या मते हे अर्धंच खरं आहे. या कामात पैसे चार वाटांनी येतात: रिसॉर्ट, होमस्टे आणि कृषी पर्यटन केंद्रांची कामं, कंपन्या आणि टूरवाल्यांच्या जाहिराती, स्टॉक साइटवरची (फोटो वापराचे हक्क विकणाऱ्या वेबसाइटवरची) विक्री, आणि कार्यशाळा. पहिली वाट गावाकडची, दुसरी शहरातली. तिसरीला तुम्ही कुठे राहता याने फरक पडत नाही. चौथ्या वाटेचे, म्हणजे कार्यशाळांचे, विद्यार्थी बहुतेक शहरातूनच येतात. तुमची भाकरी यातल्या कशावर अवलंबून आहे, त्यावर बिऱ्हाडाची जागा ठरते.

गावाची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे पहाट. मुरबाडहून माळशेज दीड तासाच्या आत. ठाण्याहून उजाडायच्या आत तिथे पोचायचं तर रात्री तीनला गाडी काढावी लागते. पावसाळ्यात हे अंतर जास्तच जाणवतं. ढग दहा-पंधरा मिनिटं फाटतात, पुन्हा मिटतात, आणि कधी फाटतील हे कोणीच सांगू शकत नाही. अशी फ्रेम एका फेरीत मिळत नाही, चार-पाच सकाळी जावं लागतं. मुरबाडकराला ते जमतं. ठाणेकर एका रविवारी येतो, गर्दीत अडकतो आणि धुकं घेऊन परत जातो. धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, तेही निघण्याआधी पाहून घ्या.

नाणेघाटाचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी तो सावलीत असतो. खालून नानाचा अंगठा (या कड्याचं अंगठ्यासारखं दिसणारं टोक) उजेडात हवा असेल तर दुपारी तीननंतर पायथ्याच्या वैशाखरे गावाच्या बाजूला हजर राहावं. माळशेज ओलांडलं की जुन्नर आणि शिवनेरी. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी हा एक, त्यामुळे त्याच्या चांगल्या फोटोंना मागणी राहणार. मात्र पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी काढावी लागते. तिथे पोचून पहारेकऱ्याशी वाद घालण्यात उजेड जातो. पौष पौर्णिमेपासून भरणारी म्हसा गावची जत्रा हा मुरबाडचा आणखी एक ठेवा. तिथली गुरं, खोंडांचे बाजार, माणसांचे चेहरे मनसोक्त टिपा. पण चेहरा ओळखू येत असेल आणि सही केलेला मॉडेल रिलीज (त्या माणसाचं लेखी संमतीपत्र) नसेल, तर स्टॉक साइट तो फोटो फक्त एडिटोरियल (बातम्या-लेखांच्या) वापरासाठी घेते, जाहिरातीसाठी नाही. रिलीजचे छापील कागद बॅगेत असू द्यात.

शहराकडे विषय नाहीत असं नाही. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं आणि २०२२ पासून रामसर यादीतलं (महत्त्वाच्या पाणथळींची आंतरराष्ट्रीय यादी). नोव्हेंबर ते मे या काळात पक्षी असतात. भरती चढली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि थवे नेरूळच्या डीपीएस तलावाकडे किंवा सीवूड्सच्या पाणथळीकडे सरकतात, म्हणून भरती-ओहोटीचं कोष्टक पाहूनच घराबाहेर पडावं. अडचण एवढीच की तोच फोटो रोज शेकडो लोक काढतात.

आता गिऱ्हाईक. मुरबाडला रेल्वे नाही. ठाण्यातल्या तासाभराच्या मीटिंगसाठी एसटीने कल्याण आणि पुढे लोकल, म्हणजे अख्खा दिवस गेला. शहापूरकराला आसनगावहून थेट लोकल मिळते, काम आटोपून संध्याकाळी तो घरी असतो. एवढ्यावरूनच, दोन्हींपैकी एक निवडायचं असेल तर आम्ही शहापूर म्हणू. जाहिरात आणि कंपन्यांची कामं मात्र ऐरोली, महापे, वाशी इथे राहणाऱ्यालाच मिळतात, कारण ती बहुतेक ओळखीतून आणि ऐनवेळी येतात.

रिसॉर्टचं काम उलट जवळ राहणाऱ्याला फळतं. स्विमिंग पूल आणि दिवे लागलेल्या खोल्या यांचा चांगला फोटो सूर्य मावळल्यावर साधारण १५ ते ३० मिनिटांतच मिळतो, कारण तेवढाच वेळ आकाश आणि दिव्यांचा उजेड जुळतो. ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) फरकाने तीन एक्स्पोजर घ्या आणि नंतर ती एकत्र करा, खिडकीही पांढरी पडून जळत नाही आणि कोपरेही काळे पडत नाहीत. त्या संध्याकाळी आकाश राखाडी निघालं तर शहापूरचा माणूस परवा परत जाईल. नवी मुंबईचा माणूस फोटोशॉपमध्ये आकाश बदलेल, आणि मालकाला ते कळतं.

फोटो पाठवण्याचा बाऊ फार होतो. ३० एमबीच्या ४०० रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल) म्हणजे १२ जीबी. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर सुमारे २ तास ४० मिनिटं, १०० असेल तर १६ मिनिटं. पण गिऱ्हाइकाला लागतात निवडलेले ४० जेपीईजी, जेमतेम ४०० एमबी, जे १० च्या वेगातही साडेपाच मिनिटांत जातात. रॉ रात्री लावून द्या. घर घेण्याआधी डाउनलोडचा नको, अपलोडचा वेग मोजा, आणि तोही संध्याकाळी आठला. वीज हा गावाकडचा खरा प्रश्न आहे. वादळी पावसात ती तासन् तास जाते. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणि संगणकाला साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतोच.

लेन्सला बुरशी दोन्हीकडे येते. आर्द्रता बरेच दिवस ६० टक्क्यांच्या वर राहिली की तिचे धागे काचेवर पसरतात, कोटिंगमध्ये रुतले की पुसूनही जात नाहीत. ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं विजेवरचं कपाट) ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. वीज गेली तरी दार उघडलं नाही तर आतली हवा बराच वेळ कोरडी राहते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक एवढ्यावरही पावसाळा निघतो.

दूरच्या प्रवासात तुलना पूर्वीसारखी राहिली नाही. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो, त्यामुळे वेरूळ-अजिंठ्याची वाट सोपी झाली. मात्र त्यावर दुचाकी चालत नाही, चारचाकी हवी. विमानाने जाणाऱ्यांसाठी नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. त्याची दुसरी बाजू ड्रोनवाल्यांनी लक्षात घ्यावी: २०२१ च्या नियमांनुसार चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, त्याहून जवळ परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. बेलापूर, नेरूळला राहून ड्रोनचा सराव विसरा. शहापूर-मुरबाडला तो त्रास नाही, पण तानसा अभयारण्यात आणि धरणांवर ड्रोन काढू नका.

पैशांत गावाचा माणूस हमखास फसतो ती जागा कराराची. रिसॉर्टचा मालक ओळखीचा, सगळं तोंडी ठरतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. म्हणजे तेच फोटो स्टॉकवर टाकायचा तुमचा हक्क गेला. कामाआधी व्हॉट्सॲपवर नको, सहीच्या कागदावर लिहून घ्या: मालकी फोटोग्राफरची, वापर रिसॉर्टचा, किती वर्षं आणि कुठे. हक्क लेखी देताना मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत असं धरलं जातं. शहरातल्या कंपन्या करार देतात, पण त्यात 'सर्व हक्क' कायमचे मागतात. तिथे दर वाढवून मागा.

सह्याद्री, जत्रा आणि रिसॉर्ट हे काम असेल तर आसनगाव स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर राहा. घर स्वतःचं आणि चारचाकी दारात असेल तर मुरबाडही चालेल. जाहिरातींवर भर असेल किंवा महिन्यातून दोनदा विमान पकडावं लागत असेल, तरच नवी मुंबई परवडते. भाड्यात महिन्याला १५ हजारांचा फरक धरला तर वर्षाचे १ लाख ८० हजार होतात, डिपॉझिट वेगळं. सहा महिन्यांच्या भाड्याइतकी ठरलेली कामं हातात आल्याशिवाय बिऱ्हाड शहरात हलवू नका.