आजीची खरी जन्मतारीख : कोतवाल बुकासोबतचे आठ महिने

आजीच्या आधार कार्डावर १ जून १९३६ आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येही तेच. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तारीख १ जूनच, गुरुजींनी नाव घालताना लावलेली. आजी मात्र कायम म्हणते, "मी नागपंचमीच्या तोंडावरची." म्हणून मार्चपासून तिच्या माहेरचे कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचे जुने रजिस्टर (गाव नमुना १४), शोधायला लागलो.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडली आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाववार पाने आली. सोय मोठी, पण तिथे कुणबी नोंद सापडलेलीच पाने असतात. आमचे पान त्यात नव्हते. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज केला. दोनदा "ते वर्षच नाही" असे उत्तर मिळाले. चौथ्या फेरीला रजिस्टर शेजारच्या गावाच्या गठ्ठ्यात निघाले. त्यामुळे आपल्या गावावर थांबू नका, आजूबाजूचे गठ्ठेही बघू द्या म्हणा.

खरी कसोटी मोडी लिपीची, रजिस्टर त्याच जुन्या लिपीत लिहिलेले. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते. सहा आठवडे शिकवणी लावली, तेव्हा तारखा आणि आडनावे ओळखण्यापुरती नजर बसली. आधी मी आजीचे नाव शोधत बसलो, त्यात फार वेळ गेला. बाळाचे नाव बहुतेक नोंदींत नसतेच, कारण नोंद बारशाआधीची. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढेच. म्हणून बापाच्या नावावरूनच शोधा.

पणजोबांच्या नावापुढे "मुलगी" दिसले, ३ ऑगस्ट १९३५. पंचांग काढले, त्या साली नागपंचमी ४ तारखेला. पणजोबांना दुसरी मुलगी नव्हती. मी तिथेच, त्या धुळीत, रडलो.

लग्नाचा सरकारी कागद मात्र मिळाला नाही. त्या काळी खेड्यातली लग्ने क्वचितच कुठे नोंदवली जात. आजोबांच्या घरच्या आहेराच्या वहीत वैशाखातली तिथी सापडली आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत सून म्हणून आजीचे नाव. माझ्या लेखी हे दोन्ही दाखल्याइतकेच मोलाचे आहेत.

नोंदीची प्रमाणित नक्कल आता घरात आहे. त्या नोंदीत पणजीचे, बाळंतिणीचे, नाव नाही. आजीला विचारून मी ते नकलेच्या मागे लिहून ठेवले आहे.