नॅस की एक्स्टर्नल हार्ड डिस्क? पावसाळ्यापासून वापरतेय, त्याचा अनुभव

आधीच सांगते, घरात एकच लॅपटॉप असेल आणि महिन्यातून एकदा आठवणीने डिस्क लावत असाल तर नॅसच्या (म्हणजे राऊटरला जोडलेला डिस्कचा डबा, घरातल्या सगळ्यांना वापरता येतो) भानगडीत पडू नका. दोन टीबीची पोर्टेबल घ्या, झालं काम. आमच्याकडे चार फोन, दोन लॅपटॉप आणि बॅकअपचा कंटाळा सगळ्यांनाच, म्हणून दोन डिस्कवाला नॅस घेतला. जून 2021 पासून गुगल फोटोजचं फुकटचं अनलिमिटेड गेलं, आता 15 जीबीत काय काय बसवणार, सासूबाईंचे गुड मॉर्निंगच पुरून उरतात.

चार-चार टीबीच्या दोन डिस्क टाकून रेड 1 केलं, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा आणि जागा चारच टीबीची, स्क्रीनवर तर 3.6 दिसते (कंपनी हजाराने मोजते नि मशीन 1024 ने, फसवलं वगैरे काही नाही). पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे हं, एक डिस्क गेली तर दुसरी चालू राहते एवढंच, पोराने फोल्डर उडवलं की दोन्हीकडून त्याच क्षणी उडतं. म्हणून स्नॅपशॉट (ठराविक वेळेला फाइल्स जशा होत्या तशा जपून ठेवणं, उडालेलं त्यातून परत आणता येतं) पहिल्याच दिवशी चालू करा.

स्पीडचं म्हणाल तर आधी राऊटर बघा. नेटवाल्याने फुकट दिलेल्या राऊटरला बऱ्याचदा 100 एमबीपीएसचेच पोर्ट असतात, आमच्याही होते. त्यावर सेकंदाला 11-12 एमबी, म्हणजे 600 जीबीला चौदा-पंधरा तास! गिगाबिट राऊटर आणून केबलने जोडलं तर तेच दीड तासात होतं. वायफायवरून पहिली कॉपी करायला जाऊच नका.

रोजचं मात्र सुख आहे. अँड्रॉइड फोन रात्री चार्जिंगला लागले की फोटो आपोआप चढतात, सासूबाईंना पत्ताही नसतो. आयफोनवर अ‍ॅप अधूनमधून उघडावं लागतं, नाहीतर मागे पडतं.

वैताग म्हणजे आवाज. आधी हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवला होता, रात्री सगळं शांत झालं की डिस्कची कुरकुर बेडरूमपर्यंत यायची, आता पॅसेजमध्ये उंच फळीवर आहे. लाईट जाते-येते तिथे यूपीएस हवाच आणि तो यूएसबीने नॅसला जोडा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत नॅस स्वतःच नीट बंद होतो. बिल फार नाही, 15-20 वॅट धरले तर महिन्याला 11 ते 14 युनिट. आणि बाहेरून बघायला मिळावं म्हणून राऊटरचे पोर्ट (इथे केबलचे नव्हे, इंटरनेटवरून आत यायच्या वाटा) उघडून ठेवू नका, 2022 मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) असे उघडे क्यूनॅप कंपनीचे नॅस शोधून लॉक केले आणि 0.03 बिटकॉइन मागितले.

जुनी एक्स्टर्नल विकलेली नाही. तिची ती रुंद चपटी पिन सैल झालीय, केबल जरा हलली की डिस्क गायब, पण नवीन केबल घालून चालतेय. महिन्याकाठी नॅसच्या मागच्या यूएसबीला लावून कॉपी घेते आणि ती आईकडे नाशिकला जाते. घरात चोरी झाली किंवा शॉर्टसर्किट झालं तर नॅस काय नि लॅपटॉप काय, सगळं एकदमच जाणार ना. बजेट कमी असेल तर नॅसचा डबा, त्याच्या डिस्क, यूपीएस हा सगळा खर्च सोडा, दोन एक्स्टर्नल घ्या आणि एक कायम दुसऱ्या घरी ठेवा.

नॅसच घेणार असाल तर डिस्क सीएमआरच घ्या (हिच्यात डेटाच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतात, एसएमआरमध्ये एकमेकींवर चढलेल्या), दुकानदार स्वस्तात एसएमआर गळ्यात मारतो आणि ती रिबिल्डला, म्हणजे खराब डिस्क बदलून डेटा परत भरताना, रडवते.