पत्रा कापायला हॅक्सॉ ब्लेडचा हुक की स्प्रिंग पट्टीची छिन्नी?

इंदूरला सियागंजात कटर विकत मिळतोच, पण घरी बनवायचा तर माझं मत सांगतो. अ‍ॅल्युमिनियम किंवा पितळेचा पातळ पत्रा असेल ना, तर तुटक्या हॅक्सॉ ब्लेडचं (धातू कापायच्या करवतीच्या पात्याचं) टोक ग्राइंडरवर घासून हुकसारखं करा, साध्या (कार्बन स्टीलच्या) ब्लेडला घासताना सारखं पाण्यात बुडवत राहायचं नाहीतर निळं पडून मऊ होतं, मग स्टीलची पट्टी क्लॅम्प करून हुक आपल्याकडे ओढायचा, पहिले दोन-तीन हात एकदम हलके, कारण रेघ तिथेच ठरते आणि घसरला तर ओरखडा कायमचा. अर्ध्या जाडीपर्यंत खाच गेली की मागेपुढे वाकवा, सरळ तुटतो, कड वाकडी होत नाही. मला हे फारच आवडतं!

लोखंडी पत्र्याला मात्र हुक फार हळू चालतो. तिथे गाडीच्या स्प्रिंग पट्टीपासून केलेली छिन्नी, पत्रा वाइसमध्ये (शिकंज्यात) रेघेपर्यंत धरून छिन्नी जबड्याला टेकवून तिरकी मारत जायचं. कड थोडी वळते, कानस लागतेच.

आणि जुन्या कानसची छिन्नी तशीच नका वापरू प्लीज, ठिसूळ असते, तुकडा डोळ्यात उडू शकतो. डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा हुक आणि छिन्नी दोन्हीकडे हवाच.