ओटीतला फॉर्मलिनचा वास गेला, पण... पेरॉक्साइड फॉगर, वर्षभराचा अनुभव

आमचं तालुक्याच्या गावातलं छोटं सर्जिकल नर्सिंग होम, एकच मेजर ओटी (ऑपरेशन थिएटर), मी तिथली इनचार्ज सिस्टर. फॉगर, म्हणजे रिकाम्या ओटीत जंतुनाशकाचं धुकं सोडणारं मशीन, घ्यावा का असं बऱ्याच जणी विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, तसंही बाजारातली बहुतेक मशिनं एकाच साच्यातली असतात, खाली पाच लिटरची टाकी, वर मोटर आणि तीन नोझल.

आधी काय होतं ते सांगते म्हणजे फरक कळेल. शनिवारची शेवटची केस झाली की जंतू मारायला फॉर्मलिनची (पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड) धुरी. हजार घनफुटाला २८० मिली फॉर्मलिन आणि १५० ग्रॅम पोटॅश, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, हे जुनं माप. स्टीलच्या उंच भांड्यात आधी पोटॅश, मग त्यावर फॉर्मलिन ओतायचं आणि पळायचं, कारण क्षणात उकळायला लागतं आणि वाफ तोंडावर येते. बाहेरून दाराच्या फटींना चिकटपट्टी लावून रविवारभर बंद. सोमवारी पहाटे अमोनिया ठेवून वास मारायचा आणि तरीही पहिल्या केसला भूलतज्ज्ञ डोळे पुसतायत, मावशींना ठसका लागलाय, हे ठरलेलंच. पेशंटचे नातेवाईक बाहेरून विचारायचे "सिस्टर कसला वास येतोय". फॉर्मल्डिहाइड २००४ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे, तरी गावोगावी अजून चालूच आहे कारण स्वस्त पडतं आणि "आमच्या सरांच्या वेळेपासून हेच".

आता पेरॉक्साइड. आम्ही वापरतो ते हायड्रोजन पेरॉक्साइड ११ टक्के आणि किंचित सिल्व्हर नायट्रेट असलेलं. लेबलवर २० टक्के मिश्रण सांगितलंय, म्हणजे २०० मिली औषध, ८०० मिली पाणी, आणि असं एक लिटर हजार घनफुटाला. आमची ओटी १८ बाय १६, उंची १० फूट, म्हणजे २८८० घनफूट, म्हणून तीन लिटर करते. हा हिशोब प्रत्येकीनं आपापल्या खोलीचा स्वतः करा, मशीन लावायला आलेला माणूस आमच्याकडे "एक लिटर पुरे मॅडम" सांगून निघून गेला होता. टायमर लावायचा, एसी बंद, दार बंद, फवारा संपल्यावर तासभर तसंच ठेवायचं, मग हवा खेळती करून आत जायचं. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतं म्हणून चांदीचा किंचित अंश सोडला तर मागे काही उरत नाही, हे खरं आहे, पण म्हणून लगेच आत शिरायचं असं नाही, आठ तासांच्या कामासाठी हवेत १ पीपीएमची (दहा लाखात एक भाग) मर्यादा धरतात आणि ताज्या धुक्यात नाकाला चांगलंच झोंबतं. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे रविवार मोकळा झाला. संध्याकाळी ऑपरेशनची लिस्ट संपली, फॉगर लावला, रात्री इमर्जन्सी सिझेरियन आलं तरी ओटी तयार. फॉर्मलिनच्या दिवसात हेच सिझेरियन मायनर ओटीत करावं लागायचं.

आता ज्याच्यासाठी घेतलं ते, जंतू मरतात का? आम्ही सेटल प्लेट लावतो, म्हणजे हवेतले जंतू पडून वाढावेत म्हणून ब्लड अगारची (रक्त घातलेलं जंतू वाढवायचं माध्यम) प्लेट जमिनीपासून एक मीटर वर, भिंतीपासून एक मीटर आत, एक तास उघडी. फॉगिंगनंतर रिकाम्या ओटीत लावलेली प्लेट जवळपास कोरी येते, लॅबवाला पण खूश. मग एकदा मीच हट्टानं चालू केसमध्ये प्लेट लावली, आत सर्जन, असिस्टंट, भूलतज्ज्ञ, दोन सिस्टर, मावशी आणि बघायला आलेले एक डॉक्टर, दार सारखं उघडतंय. ती प्लेट फॉर्मलिनच्या काळात यायची तशीच आली. आश्चर्य काही नाही, माणसाच्या अंगावरून कातडीचे पापुद्रे सतत गळत असतात आणि स्टॅफ (स्टॅफिलोकोकस, कातडीवरचा जंतू) त्यावर बसून फिरतो. रिकाम्या खोलीतली वाफ तेव्हाच्या जंतूंना मारते, सकाळी नऊला आत येणाऱ्यांना नाही. चालू ऑपरेशनमध्ये वाफ मारायचा प्रयोगही होऊन गेलाय, जंतुनाशक वापरून ऑपरेशन करायची पद्धत आणणारे ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर १८७१ पासून कार्बोलिक ॲसिडचा फवारा हवेत सोडायचे, सगळ्यांचे हात पांढरे पडायचे, आणि १८९० मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्यांनी स्वतःच तो मोडीत काढला. म्हणून आमच्या सरांना मी सांगितलं की दाराला क्लोजर (दार आपोआप बंद करणारा) लावा आणि बघ्यांना काचेतून बघू द्या. क्लोजर लागलाय, बघे अजून आत येतात.

दुसरं, धुकं सगळीकडे पोचतं हे अर्धसत्य आहे. पेरॉक्साइडच्या टेस्ट स्ट्रिप मिळतात, एक टेबलावर ठेवली, एक टेबलाच्या खाली पायाच्या बिजागरीजवळ चिकटवली. वरची गडद निळी, खालची जेमतेम रंगली. हे फॉगरचे थेंब आहेत, खरीखुरी वाफ करणारी मोठी मशिनं वेगळी आणि त्यांची किंमत ऐकून आमचे सर हसले होते. आणि त्याच बिजागरीत वाळलेलं रक्त असेल तर औषध तिथेच संपतं, जखमेवर पेरॉक्साइड टाकल्यावर फेस येतो ना, तो रक्तातल्या कॅटलेज नावाच्या एन्झाइममुळे औषध फुटतं म्हणून. त्यामुळे आधी साबणपाण्यानं धुणं, पुसणं, मगच फॉगर. मावशींना वाटलं मशीन आलं म्हणजे पुसायचं कमी झालं, ते समजावण्यात माझे दोन महिने गेले.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या २००८ च्या गाइडलाइनमध्ये पेशंटच्या जागी रुटीन फॉगिंग करू नका असंच आहे, नंतर त्यांनी खुलासा केला की ते फॉर्मल्डिहाइड, फिनॉल वगैरे जुन्या फवाऱ्यांबद्दल होतं, पेरॉक्साइडच्या नव्या तंत्राबद्दल नाही. ज्यांच्याकडे हेपा फिल्टर (हवेतले अगदी बारीक कण अडवणारी गाळणी) आणि तासाला २० वेळा हवा बदलणारी एसी व्यवस्था आहे त्यांना याची गरज फारशी नाहीच. आमच्यासारख्या स्प्लिट एसीवाल्यांचा प्रश्न आहे. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, पावसाळ्यात त्याच्या जाळीत बुरशी धरते, आणि मागच्या पावसाळ्यात प्लेटवर जी काळपट बुरशी आली ती फॉगिंग दुप्पट करून नाही, एसी खोलून धुतल्यावर गेली.

मशीनच्या तक्रारी. आवाज भयंकर, शेजारच्या वॉर्डातले पेशंट वैतागतात. आमच्या बोअरच्या पाण्यानं नोझल क्षारानं चोंदलं, आता डिस्टिल्ड वॉटरच. जुलैत हवाच ओली असते तेव्हा धुकं वाळत नाही, फरशी निसरडी होते, त्या दिवसांत फॉगिंगच्या आधी एसी ड्राय मोडवर चालवून हवा कोरडी करून घेते. ऑक्सिजन फ्लोमीटरच्या पितळी भागावर डाग पडलेत, म्हणून आता कॉटरी (रक्तस्राव थांबवायला डागायचं विजेचं मशीन), मॉनिटर, फ्लोमीटर सगळं झाकते. औषधाच्या कॅनचं झाकण छिद्राचंच ठेवा, दुसऱ्या बाटलीत घट्ट बंद करून ठेवलंत तर ती फुगते. सर्व्हिसला फोन केला की "दोन दिवसात माणूस येईल" आणि येतो पंधरा दिवसांनी, नोझल जिल्ह्याच्या ठिकाणी मिळत नाही, म्हणून घेतानाच एक जास्तीचा सेट मागून घ्या आणि बिलावर लिहून घ्या.