सात महिन्यांच्या वापरानंतर: ई-रीडर, भयकथा आणि हरवलेला 'ऱ्या'

सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडवत नाही, म्हणून गेला संपूर्ण मे महिना मी ई-रीडरवर केवळ अद्भुतरम्य आणि भुताखेतांच्या मराठी कादंबऱ्या वाचल्या. यंत्र घेऊन तेव्हा सहा महिने झाले होते आणि माझी कसलीही तक्रार नव्हती. एकदा चार्ज केले की दोन आठवडे पाहावे लागत नाही, आणि पडदा कागदासारखा बाहेरच्या प्रकाशावर वाचता येत असल्यामुळे गच्चीवरच्या उन्हातही अक्षर स्वच्छ दिसते. साडेदहा हजार रुपये मला जड गेले होते. पण पुण्याला जाताना कुर्डुवाडी ते दौंड या टप्प्यात एखादी गूढकथा संपली की ते सार्थकी लागल्याचे समाधान मिळे.

महिन्यातल्या दुसऱ्याच कादंबरीने हे समाधान हिरावून घेतले. 'अंधार्या' जिन्याच्या 'पायर्या', 'कोपर्यात' उभी आकृती, तिच्या 'चेहर्यावर' पडलेली सावली: पानोपानी 'ऱ्या'च्या जागी रफार. नायक 'दर्या ओलांडून' गेला असे वाचल्यावर मला कथा समुद्रावर पोहोचल्यासारखे वाटले; लेखकाने दऱ्या लिहिल्या होत्या. हा दोष किरकोळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी भयकथेचे एक पान मोठ्याने वाचून पाहावे. अंधाऱ्या, पायऱ्या, कोपऱ्यात, चेहऱ्यावर, वाऱ्याने आणि अद्भुतकथेत पऱ्या, दऱ्या: या साहित्यप्रकाराची सारी भीती आणि सारे नवल याच अक्षरात वस्तीला असते. 'अंधाऱ्या'तला र हलका, निसटता आहे. रफार दिला की आधीच्या अक्षरावर आघात येतो आणि दबक्या आवाजात सांगितलेले वाक्य खडबडीत होते.

आरंभी मी यंत्रालाच दोष दिला आणि विक्रेत्याला तीन वेळा लिहिले. तिन्ही वेळा यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला आला. अर्ध्याहून अधिक वाचून झाले या कारणाने पुस्तकाचे १९९ रुपये परत मिळाले नाहीत. मात्र त्याच यंत्रावर, त्याच टंकात (फॉन्टमध्ये) तिसरी कादंबरी उघडली तेव्हा प्रत्येक 'ऱ्या' जागच्या जागी होता. त्यामुळे यंत्राविषयीचे माझे मत मला बदलावे लागले. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, हे अक्षर दोन रीतींनी लिहिता येते: नुक्ता (खाली टिंब) असलेला 'ऱ', हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि 'य', किंवा साधा 'र', हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि 'य'. दुसऱ्या रीतीने लिहिलेला मजकूर ई-पुस्तकात रूपांतरित होताना ते अदृश्य चिन्ह गळाले, की उरलेल्या 'र'चा आपोआप रफार होतो. यंत्र समोर आलेले इमानाने दाखवते. चूक पुस्तक तयार करणाऱ्याची आणि ते न तपासता विकणाऱ्याची आहे.

याच आठवड्यात वाचनालयातून भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) यांची एक जुनी समर्थकथा, म्हणजे अमानवी शक्तींशी लढणाऱ्या 'समर्थ' या त्यांच्या नायकाची कथा, आणली. पाने पिवळी पडली आहेत, शिवण सैल झाली आहे, पण पायऱ्या पायऱ्याच आहेत. आमच्या शहरात कितीतरी मुले घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात आणि मराठीचे बारकावे छापील अक्षरावरून शिकतात. त्यांच्या हाती 'अंधार्या' पडला तर उच्चारही तसाच बसेल, याची मला १९९ रुपयांहून अधिक खंत आहे.

यंत्र मी ठेवले आहे आणि ते घ्यावे असेच सांगेन. विकत घेण्यापूर्वी मात्र मोफत मिळणाऱ्या पहिल्या प्रकरणात मी आता 'कोपऱ्यात', 'दुसऱ्या' आणि 'चेहऱ्यावर' हे तीन शब्द शोधतो. काल चार पुस्तके तपासली. एकात 'कोपर्यात' होते, ते घेतले नाही.