मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णय: एका शासकीय सेवेचे परीक्षण

मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरने जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावे करून न दिल्यास शासकीय प्राधिकाऱ्याकडून ती करून घेण्याचा) आदेश हाती आला म्हणजे काम संपले, असा समज आमच्या गृहनिर्माण संस्थेतही होता. प्रत्यक्षात दस्त नोंदवण्याआधी त्याचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी दाखल करावा लागतो. बोलताना सगळे 'अ‍ॅडज्युडिकेशनला टाकले' असे म्हणतात.

'अभिनिर्णय देणे' म्हणजे नेमके काय, हे ठाऊक असल्याशिवाय या सेवेची पारख करता येत नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ च्या कलम ३१ खाली अधिकारी दस्त वाचून तो कोणत्या प्रकारात मोडतो, मिळकतीचे बाजारमूल्य किती आणि त्यावर किती शुल्क देय आहे, एवढेच ठरवतो. जमिनीची मालकी कोणाची किंवा करार वैध की अवैध, यावर तो काहीही बोलत नाही. अन्न सुरक्षा कायद्याखालचा न्यायनिर्णय अधिकारी दंड बसवतो, भूसंपादनात मोबदल्याचा निवाडा होतो. मुद्रांकाचा अभिनिर्णय या दोहोंहून वेगळा आहे. त्यामुळे दस्तावरचा शेरा पाहून 'आता टायटल क्लिअर झाले' असे सभासदांना सांगणे चुकीचे आहे, आणि हे मी आग्रहाने लिहितो.

तरीही या सेवेचे मोल मोठे आहे. शुल्क भरल्यावर कलम ३२ खाली जे प्रमाणपत्र दस्तावर मिळते, त्यामुळे तो रीतसर मुद्रांकित ठरतो, आणि अपुऱ्या मुद्रांकाच्या कारणावरून पुराव्यात नाकारला जाण्याची भीती उरत नाही. राज्यात आधीच निष्पादित झालेला दस्त मात्र सही झाल्यापासून एका महिन्याच्या आत दाखल करायला हवा. मागणीची नोटीस मिळाल्यावर शुल्क साठ दिवसांत भरावे लागते. मुदतीत न भरल्यास कमी पडलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती (दंड) लागते. आदेश मान्य नसल्यास अपिलाची सोय आहे.

आम्ही गेलो त्या कार्यालयातील कर्मचारी सौजन्याने वागले, शंकांना उत्तरेही मिळाली. खरा वेळ गेला तो कागदपत्रांत. सदनिकांच्या करारांवर पूर्वी भरलेले शुल्क अभिहस्तांतरणाच्या शुल्कात वळते होत असल्याने प्रत्येक सदनिकेचा करार, सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा 'इंडेक्स टू' हा उतारा) आणि शुल्क भरल्याचा पुरावा लागतो, आणि जुन्या इमारतीत मूळ खरेदीदाराचे कागद शोधणे हेच सर्वांत कष्टाचे काम असते. त्रुटी मात्र आम्हाला एकदम न कळवता तुकड्यातुकड्याने कळवल्या गेल्या, हे खटकले. आदेशात अंतिम रकमेबरोबर तिची आकडेमोडही दिली असती, तर सर्वसाधारण सभेत ती समजावून सांगणे सोपे गेले असते.

सेवा घेण्याजोगी आहे. अर्जापूर्वी सदनिकानिहाय तक्ता तयार ठेवावा: कराराची तारीख, क्षेत्रफळ, भरलेले शुल्क आणि नोंदणी क्रमांक.