टाइल्सच्या खालचं बाथरूम: दहा महिने वापरल्यावर

बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला सतत पोपडे धरायचे. दोनदा खरवडून ओल रोखणारा म्हणतात तो रंग मारला. दोन्ही वेळा काही महिन्यांत रंगाखाली फुगे आले, आणि फोडले तर आत पांढरं मीठ. पाणी पलीकडून येतंय आणि मी अलीकडून झाकण लावतोय, हे कळायला मला दोन डबे रंग लागले. मग एक दिवस दाराच्या चौकटीचा पाय सहज बोटाने दाबला, तर लाकडाचा भुगाच हातात आला. त्या दिवशी ठरलं, आता सगळं उखडायचं.

काम पूर्ण होऊन दहा महिने झाले. टाइल्सचा रंग, नळांची चमक यावर लिहिण्यासारखं काही नाही. जे दिसत नाही त्याबद्दल लिहितो.

जुन्या टाइल्स निघाल्या तेव्हा त्या धडधाकट होत्या. त्यांच्या खालचा माल मात्र ओल्या वाळूसारखा हाताने उपसता येत होता. पाइप गळतोय असा सगळ्यांचा अंदाज होता, पण प्लंबरने पंपाने दाब देऊन लाइन तपासली, तर काटा जागचा हलला नाही. खरी वाट नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या, भोवती होती. स्लॅब आणि ट्रॅप यांच्यातली फट कधीकाळी साध्या सिमेंटने बुजवलेली, ती आकसून सुटली होती. त्यात ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांत भरलेला माल, झिजलेला. सिमेंटचा ग्राउट पाणी शोषतो, पूर्ण अडवत नाही. पाणी अडवायचं काम टाइलच्या खालच्या थराचं, आणि आमच्याकडे तो थरच नव्हता.

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे वाट बघणं. गवंड्याला लगेच पुढचं काम धरायचं होतं. मी भिंतीला प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने डकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी आतून थेंब! अशी ओल कोंडून वर पाणी अडवणारा लेप मारला असता तर तो पुन्हा सुटलाच असता. प्लास्टिक आतून कोरडं राहायला तीन आठवडे गेले. (घरात दुसरं बाथरूम नसेल तर हे तीन आठवडे कसे काढणार, याचा विचार तोडफोडीच्या आधी करा. आम्ही नंतर केला.)

मग भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यांत मालाचा गोलसर उतार (गवंडी त्याला वाटा म्हणतात) काढला, कारण काटकोनात लेप पहिल्यांदा तडकतो. ट्रॅप आणि पाइपांभोवतीच्या फटी न आकसणाऱ्या ग्राउटने भरल्या. लेपाचे दोन हात दिले, पहिला आडवा, दुसरा उभा. भिंतींवर तो साधारण फूटभर चढवला आणि शॉवरच्या भिंतीवर थेट शॉवरच्या वरपर्यंत. इथे गवंड्याशी थोडं वाजलं. त्याचं म्हणणं, ‘टाइल बसल्यावर भिंतीत पाणी जाईलच कसं?’ मी त्याला मागच्या बेडरूममध्ये नेऊन पोपडे दाखवले. त्यानंतर तो काही बोलला नाही.

लेप वाळल्यावर ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवलं आणि पातळीला पेन्सिलची रेघ मारली. सकाळी पाणी बोटभर खाली! माझे हातपाय गार पडले. निघालं काय, तर ट्रॅपला लावलेलं बूचच सैल होतं. बूच बदलून पुन्हा ४८ तास. या वेळी पातळी रेघेला टेकून राहिली आणि खालच्या मजल्याचं छतही कोरडं. ही चाचणी टाइल्स लावायच्या आधीच करून घ्या, नंतर गळती सापडली तर पुन्हा फोडण्याशिवाय इलाज नाही.

टाइल्स बसवताना मागे मालाचे चार-पाच गोळे न थापता दातेरी थापीने पूर्ण चिकटवून घेतल्या. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी साठतं. नंतर नाण्याने ठोकून बघितलं, तीन टाइल्स पोकळ वाजल्या, त्या बदलून घेतल्या. सांध्यांत सिमेंटऐवजी एपॉक्सी (रेझिनचा) ग्राउट भरला. तो आजही पहिल्या दिवसासारखा आहे, पण भरल्यावर लगेच न पुसल्यामुळे दोन टाइल्सवर जो धुरकट थर बसला, तोही पहिल्या दिवसासारखाच आहे.

पंख्याने मला वेड्यात काढलं. नवा एक्झॉस्ट फॅन जोरात फिरायचा, तरी आंघोळीनंतर आरसा अर्धा तास धूसर आणि छतावर थेंब. मी पंख्यालाच दोष देत होतो. मग लक्षात आलं, नवं दार इतकं घट्ट बसलंय की आत हवा यायला जागाच नाही, मग बाहेर जाणार कुठली? दार खालून दोन सेंटिमीटर कापलं आणि तोच पंखा कामाला लागला. जाळीवर कागद धरला की आता चिकटून राहतो. आंघोळीनंतर वीस मिनिटं तो चालू ठेवतो. हवा थेट बाहेर सोडली आहे. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडली असती तर ओल फक्त डोळ्याआड गेली असती.

बेडरूमची भिंत कोरडी आहे. काम संपल्यावरही तिला चार महिने रंग लावला नाही, नुसती उघडी ठेवली, आणि मीठ यायचं थांबल्यावरच रंगवली. चौकट दगडी बसवली, त्यामुळे ती कटकट संपली. शॉवरखालच्या कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर मात्र काळे ठिपके यायला लागलेत. ते पुसून जात नाहीत, तेवढी पट्टी काढून नवी भरावी लागेल.

आणि एक चूक कायमची राहिली. मीटरला एक सेंटिमीटर तरी ढाळ हवा म्हणून मी गवंड्याच्या मागे लागलो होतो, पण कमोडच्या मागच्या कोपऱ्यात बघायचं राहून गेलं. तिथे वाटीभर पाणी साचतं. खाली लेप असल्यामुळे ते मुरत नाही, पण रोज आंघोळ झाली की मी वायपर घेऊन ते जाळीकडे ढकलत बसतो.